बांधी, बोडी, जंगल आणि आपले ताट

गोंदिया जिल्ह्यात भाजी सर्वांत स्वस्त असते डिसेंबर-जानेवारीत आणि सर्वांत जास्त अडते ती मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत. हिवाळ्यातली वांगी, टमाटर, पालक सरलेले असतात. परसातल्या दोडक्या-कारल्याच्या वेलांना अजून फूल धरलेले नसते. पऱ्हे, खत आणि रोवणीच्या मजुरीत घरातला पैसा गुंतलेला असतो, आणि नेमक्या याच दिवसांत घरातली माणसे दिवसभर चिखलात वाकून सर्वांत जास्त कष्ट करत असतात. तेव्हा ताटात भात, पातळ वरण आणि आलू एवढेच उरते.

म्हणून ऋतूप्रमाणे खायचे ठरवले, तर वर्षाचा विचार या अडचणीच्या दोन महिन्यांपासून सुरू करावा असे मला वाटते. हंगामात आले ते खाल्ले, एवढ्याने काम भागत नाही. पुढच्या रिकाम्या दिवसांसाठी आज काय वाळवायचे, काय लावायचे, काय राखून ठेवायचे हेही त्यातच येते. आपल्या आज्यांनी हे सारे घरात केले होते. पुढच्या पिढीत ते सुटत चालले आहे आणि ते परत धरणे अवघड नाही.

आपल्या जिल्ह्याला त्यासाठी फार मोठी सोय आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा मुलूख धानाचा आहे, तलावांचा आहे आणि सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावकडे दाट जंगलाचा आहे. वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो अडवून ठेवायची विद्या इथल्या कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी साधली. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितले जाते. गावोगावच्या मालगुजारी तलावांच्या आणि शेतातल्या लहान बोड्यांच्या भरवशावरच इथली धानशेती उभी राहिली. तेव्हा आपल्या ताटात अन्न तीन ठिकाणांहून येते: बांधीतून, बोडी-तलावातून आणि जंगलातून. तिन्हींचे हंगाम एकमेकांच्या मागे-पुढे येतात. एक आटते तेव्हा दुसरे भरात असते. बाजारात बारा महिने मिळणारी फुलकोबी आणि सिमला मिरची हे चक्र झाकून टाकते, म्हणून ते मुद्दाम आठवावे लागते.

पहिला दमदार पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की पडीक जागेवर, धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. पाने कोवळी, तळहातावर चुरगळता येतील अशी असतानाच तो खुडायचा. झाड गुडघ्याएवढे वाढून फुलावर आले की भाजी निबर होते. पाने उकळून, पाणी पिळून, कांदा-लसूण-लाल मिरचीवर परतली आणि मूठभर भिजवलेली चण्याची डाळ घातली की दोन भाकरींची किंवा एका ताटभर भाताची सोय झाली. तरोट्यापाठोपाठ केना, कुरडू, घोळ, चिवळ येतात. अंबाडी आणि लाल माठ परसात वाढू लागतात. अंबाडी तुरीच्या डाळीत आणि तांदळाच्या कण्यांत शिजवण्याची विदर्भाची रीत मला फार शहाणपणाची वाटते. गिरणीतून निघालेल्या कण्या वाया जात नाहीत, पालेभाजीच्या आंबटपणाने जेवणाला चव येते, आणि भात-डाळ-भाजी एकाच भांड्यात होते. रोवणीहून थकून आलेल्या बाईला याहून सोपा स्वयंपाक सांगता येणार नाही.

धोप्याच्या पानांच्या वड्या तर पोवार, कुणबी, कोहळी अशा साऱ्यांच्याच घरी होतात. धोप्याने घसा खाजतो तो पानातल्या बारीक सुयांसारख्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या कणांमुळे. चिंच किंवा अमसूल भरपूर घालावे आणि वड्या पुरेशा वाफवून मगच तळाव्यात. घाईत वाफ कमी दिली की खाज राहते. सुरणालाही हेच लागू आहे.

बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे आपले वास्ते, जुलै-ऑगस्टमध्ये बाजारात येतात. ते कच्चे किंवा अर्धे शिजवून कधीही खाऊ नयेत. त्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकावे, शक्य तर दुसऱ्यांदाही उकळावे. कडवटपणा गेला म्हणजे ते द्रव्यही बरेच गेले असे समजायला हरकत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रत्येक वास्ता म्हणजे उद्याचा एक बांबू असतो. हंगामात दोन-तीन वेळा ही भाजी करावी, हौसेने टोपलीभर वास्ते उचलू नयेत. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत शिरून काही तोडायचे नाही, हे तर सांगायलाच नको.

आता सात्यांविषयी सविस्तर सांगतो, कारण इथे चूक जिवावर बेतते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी ही अळिंबी उधईच्या वारुळातल्या बुरशीचीच असते. तिची शेती करता येत नाही, म्हणून ती वर्षातून मोजके दिवसच मिळते आणि मटणाच्या भावाने विकली जाते. ती विकत घ्यायची तर दरवर्षी जंगलातून आणणाऱ्या ओळखीच्या बाईकडूनच घ्यावी. स्वतः तोडायची असेल तर गावातला जाणकार बरोबर हवा. पुस्तकातले चित्र किंवा मोबाइलमधला फोटो पुरत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली अळिंबी सुरक्षित असते, या साऱ्या समजुती खोट्या आहेत. सर्वांत विषारी जातीची अळिंबी खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्ये एक दिवस बरे वाटते, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. तेव्हा अळिंबीच्या जेवणानंतर कोणाला उलट्या झाल्या तर थांबल्या म्हणून घरी बसू नये. उरलेली भाजी किंवा कच्चा तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. ओळखीची सात्या मिळाली की त्याच दिवशी, पूर्ण शिजवूनच खावी.

रानभाजीबाबत आजचा नवा धोका वेगळाच आहे. बांधीत आणि धुऱ्यावर तणनाशक मारण्याचे प्रमाण वाढले आहे. केना, कुरडू, घोळ ही शेतकऱ्याच्या दृष्टीने तणेच असल्याने फवारा पहिल्यांदा त्यांच्यावरच पडतो. दुसऱ्याच्या शेतातून भाजी खुडायची असेल तर मालकाला विचारून घ्यावे. पाने पिवळी पडलेली, कडेने करपलेली दिसली तर ती जागा सोडावी. स्वतःच्या शेतात निदान एक धुरा फवाऱ्यापासून वाचवून ठेवता आला तर घराला पूर्ण पावसाळा भाजी पुरते. शहरात राहणाऱ्यांना ओळख पटवून घ्यायची असेल तर ९ ऑगस्टच्या आसपास कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. तिथे भाजी आणणाऱ्या बायांशी बोलावे. कोणती भाजी कशी करायची, कोणती उकळून पाणी टाकायचे, हे त्या दोन मिनिटांत सांगतात.

मासे या ताटात फार महत्त्वाचे आहेत. ढिवर समाजाचे पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान तलावांशी जोडलेले आहे. पाणी कमी होत जाते तसा, म्हणजे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, मासा भरपूर मिळतो. मात्र पहिल्या पावसात पाण्याच्या धारेवर चढणारे, पोटात अंडी असलेले मासे विकत घेऊ नयेत. ते खाल्ले की पुढच्या वर्षीचा तलाव रिकामा होतो. भाजी अडते त्याच दिवसांत मासाही सोडायचा म्हणजे अवघड वाटेल, पण उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बारीक मासे आणि झिंगे तेव्हा उपयोगी येतात. बारीक मासे काट्यासकट खाल्ले जातात, म्हणून त्यांतून कॅल्शियमही चांगले मिळते. दूध कमी असलेल्या घरात ही गोष्ट मोलाची आहे. एकच मोठा कटला रोज आणण्यापेक्षा तलावातला स्थानिक बारीक मासा मागावा. गिऱ्हाईक मागेल तरच तो टिकवण्यात मासेमाराला अर्थ राहील.

भाद्रपदात हलके धान पिकू लागते. गोंड, हलबा समाजाच्या गावांतून नवे धान आधी देवाला वाहून मगच खाण्याची रीत आहे. भारी धानाची कापणी दिवाळीच्या मागे-पुढे. नवा तांदूळ चिकट होतो आणि काहींना जड जातो, म्हणून नव्या धानाचे पोहे, लाह्या करून घ्याव्यात आणि भातासाठी गेल्या वर्षीचा जुना तांदूळ दोन-तीन महिने तरी पुरेल असा ठेवावा. सुगंधी चिन्नोर, हिरानक्की, लुचई असे जुने वाण अजून काही शेतकरी राखून आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याकडून दिवाळीतच वर्षाचा थोडा तांदूळ बोलून ठेवला तर त्याला वाण टिकवायला बळ मिळते. रोजच्या भातासाठी मात्र उसना तांदूळ आपण विनाकारण कमी लेखतो. धान भिजवून वाफवताना कोंड्यातले बी-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते, म्हणून पॉलिशनंतरही ते बरेचसे टिकते. गोंदियाच्या गिरण्यांतून उसना तांदूळ बाहेर जातो आणि आपण घरी पांढराशुभ्र, घासून गुळगुळीत केलेला तांदूळ आणतो, याचा पुन्हा विचार व्हावा. भाताची पेज फेकू नये.

याच दिवसांत तलावातून शिंगाडे येतात. उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसलेली बाई दिसली की बिस्किटाच्या पुड्याऐवजी लेकरांना शिंगाडे द्यावेत. कच्चे आणले तर तलावाचे पाणी लक्षात घेऊन नीट धुवावेत आणि उकडूनच खावेत. पीठ हवे असेल तर आताच सोलून, वाळवून दळून आणावे. उपवासाच्या दिवसांत बाजारातले पीठ महाग असते आणि त्यात भेसळही होते. सीताफळे आणि मागून आवळा याच सुमारास येतो. आवळा मात्र फेब्रुवारीपर्यंत पुरवून खावा, मुरंबा किंवा मिठात वाळवलेल्या फोडी करून.

मग थंडी पडते आणि आपल्या भागाचा सर्वांत समृद्ध काळ येतो. धुऱ्यावरच्या तुरीच्या हिरव्या शेंगा, पोपटाच्या शेंगा, बरबटी, मुळा, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला, सांबार, गावठी वांगी. पोपट आणि वांगे, पोपट आणि आलू, नुसत्या पोपटाच्या दाण्यांची रस्सा भाजी हे आठवड्यात तीनदा झाले तरी कंटाळा येत नाही. आपले मुख्य अन्न भात आहे आणि भाताच्या प्रथिनांत जे कमी असते ते कडधान्यांत भरपूर असते. म्हणून हिवाळ्यातले हे हिरवे दाणे पोटभर खावेत. मुलांसाठी, गरोदर बायांसाठी हे तीन महिने अंगात भर घालण्याचे आहेत. जवसही आताच नवे येते. भाजून केलेली जवसाची चटणी रोजच्या ताटात असावी, पण ती थोडी-थोडीच करावी. जवसाला लवकर खवट वास येतो.

लाखोरीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. धान कापण्यापूर्वी दोन-तीन आठवडे, ओल असलेल्या उभ्या धानात लाखोरी शिंपतात. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही, तरी फेब्रुवारीत पीक हाती येते. कोरडवाहू बांधीत गरिबाच्या घरची डाळ हीच होती. तिच्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते. दुष्काळात महिनोन् महिने फक्त लाखोरीवर जगलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याच्या नोंदी मध्य भारतात आहेत. त्यामुळे १९६१ मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून दीर्घ लढा दिला आणि २००८ मध्ये महाराष्ट्राने ती उठवली. रतन, प्रतीक, महातिवडा हे ओडॅपचे प्रमाण कमी असलेले वाण आता उपलब्ध आहेत. माझा सल्ला असा: पेरायची असेल तर यांपैकीच वाण घ्यावा. खायची असेल तर डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी टाकावे, पुन्हा भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी काढावे, आणि तूर किंवा हरभऱ्याच्या डाळीत मिसळून आठवड्यातून एक-दोनदाच खावी. कोवळ्या पाल्याची भाजीही अधूनमधूनच. लाखोरी रोजची एकमेव डाळ कधीही होऊ देऊ नये. लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात ती नसलेलीच बरी. सुटे बेसन खूप स्वस्त मिळाले तर त्यात लाखोरी असण्याची शक्यता धरावी. हरभरा घेऊन गिरणीतून दळून आणणे चांगले.

जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट हे दिवस वाळवणाचे आहेत. हवा कोरडी असते, ऊन असते पण करपवणारे नसते, आणि भाजी पडत्या भावात असते. किती वाळवायचे याचा साधा हिशेब मांडू. जून आणि जुलै मिळून आठ आठवडे. आठवड्यातून दोनदा वाळवलेली भाजी करायची तर सोळा वेळा लागेल. चौघांच्या घराला एका वेळी ५० ग्रॅम वाळलेल्या वांग्याच्या चकत्या धरल्या तर ८०० ग्रॅम झाल्या. वांग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणजे सुमारे दहा किलो ताजी वांगी लागतील. पाच किलो वांगी, तीन किलो टमाटर, थोडा हरभऱ्याचा पाला आणि थोडी बरबटी अशी वाटणी केली तर चवीत बदल राहतो. चकत्या मिठाच्या पाण्यातून काढून स्वच्छ कापडावर, एकमेकींना न चिकटतील अशा पसराव्यात. वरून पातळ लुगडे टाकले की धूळ आणि माश्या दूर राहतात. संध्याकाळी घरात घ्याव्यात, नाहीतर दवाने बुरशी धरते. चकती मोडली की कट् असा आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून एक ऊन हवे. पाला मात्र सावलीत वाळवावा, उन्हात त्याचा रंग आणि सत्त्व दोन्ही जातात.

उडदाच्या डाळीच्या, पांढरा कोहळा किसून घातलेल्या वड्या याच दिवसांत घालाव्यात. डाळ रात्रभर भिजवून वाटावी, हाताने हलकी होईपर्यंत फेसावी. पाण्याच्या वाटीत थेंब टाकून तो तरंगला की वड्या घालायला घ्याव्यात. हे सारे काचेच्या बरण्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावे आणि मेच्या मध्यात एकदा पुन्हा कडक ऊन दाखवावे. हे शेवटचे ऊन चुकले की मृगाच्या पहिल्या सरीतच बरणी खराब होते.

मार्च लागला की पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. झाडाखाली जाळ करून जागा साफ करण्याची सवय कृपा करून सोडावी. उन्हाळ्यातले कितीतरी वणवे तिथूनच पेटतात. झाडून घ्यावे किंवा जाळी बांधावी. फुले दोन-तीन दिवस वाळवून, आतले पराग काढून, भाजून तीळ किंवा जवसाबरोबर कुटून लाडू करता येतात. गोडीसाठी वेगळा गूळ फारसा लागत नाही. मोहाचे नाव काढले की दारूच आठवणाऱ्यांनी हे लाडू एकदा करून पाहावेत. एप्रिल-मेमध्ये चारे आणि टेंभरे येतात. चारे पूर्ण काळी पडलेलीच घ्यावीत. दुसऱ्याच्या आधी आपण म्हणून हिरवी चारे ओरबाडली, फांद्या तोडल्या, की पुढच्या वर्षी झाड देत नाही.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा जेवण हलके हवे. छत्तीसगडच्या सीमेकडच्या घरांतली बासी आणि सर्वत्र होणारी आंबील यांहून चांगला नाश्ता मला ठाऊक नाही. बासीसाठी रात्रीचा भात गरम असताना झाकून ठेवू नये. तो निवला की लगेच गार पाण्यात बुडवावा, मातीच्या भांड्यात झाकून ठेवावा आणि सकाळी नऊच्या आत कांदा, मीठ, हिरव्या मिरचीबरोबर संपवावा. दुपारपर्यंत उरलेली बासी जनावरांना घालावी. कैऱ्या स्वस्त असताना आमचूर आणि लोणचे करावे, कारण जूनच्या वरणाला आंबटपणा देणारे दुसरे फारसे काही तेव्हा नसते.

ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी आठवडी बाजारात दोन प्रश्न विचारायची सवय लावावी: बाई, ही भाजी कुठली आणि कधी तोडली? जवळच्या गावाचे नाव आले तर घ्यावी. ट्रकने आलेली चकचकीत भाजी आठवड्यातून एखादे वेळी ठीक आहे. घरापुढे चार हात जागा असेल तर पावसाआधी मुनग्याची फांदी लावून टाकावी. ती लवकर धरते, शेंगा नसतानाही पाल्याची भाजी देते आणि नेमक्या जूनमध्ये हिरवी असते. सांडपाणी जाते तिथे धोप्याचे दोन कंद पुरावेत, कुंपणावर पोपटाचा वेल चढवावा. अंबाडीचे मूठभर बी रोहिणीच्या सरींनंतर फेकले तरी पुरे. ते बी विकत घ्यावे लागत नाही. शेजारणीकडे मागितले की ती मूठभर देते, आणि पुढच्या वर्षी आपल्याकडचे बी दुसऱ्या कोणाला द्यायचे असते.